आधी पाठ बघा: क्वेट्ट्याहून आलेल्या दोन गालिच्यांबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पणजोबा नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत होते, क्वेट्ट्याला. ३१ मे १९३५च्या भूकंपानंतर कुटुंब सांगलीला परतलं, तेव्हा सामानात दोन गालिचे होते. मोठा साडेसहा बाय साडेनऊ फूट, गडद लाल, अष्टकोनांच्या तीन रांगांचा. छोटा उशीच्या अभ्र्याएवढा, काळपट निळा, सध्या आईंच्या शिलाई मशिनखाली. घरात पूर्वापार सांगतात की मोठा 'बुखारा' आहे, २०० वर्षांचा आहे आणि त्यावर हत्तीचं पाऊल आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी तो येरवडा जेलचा ठरवला. एका दुकानदाराने एकेका आकृतीचा अर्थ फोड करून सांगितला. आता तो न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवायचा आहे. तर वय, अर्थ, किंमत आणि धुण्याची पद्धत, चारही सांगा.

तुम्ही पाठवलेल्या ११ फोटोंपैकी ९ गालिच्याच्या तोंडाचे आहेत, २ पाठीचे. माझं काम झालं ते त्या दोघांवर. शिवाय तुम्ही सहज जोडलेला कुटुंबाचा जुना फोटो आहे, त्याच्याकडे नंतर येते.

मी ३० वर्षं गालिचे रफू करते. शिकले भायखळ्याला, मूळच्या मिर्झापूरच्या एका कारागिराच्या हाताखाली. गिऱ्हाईक गालिचा उलगडून त्याचं कौतुक सांगू लागलं की उस्ताद काही न बोलता त्याचा कोपरा पालथा करायचे. "पहले पीठ, फिर मुँह." नक्षी नक्कल करता येते. एका टोळीची दुसरी टोळी करते, गावाची शहर करतं, आणि आता तर यंत्रही करतं. पण धागा कसा पिळला, गाठ कुठल्या बाजूला उघडी राहिली, कड कशाने गुंफली या हाताच्या सवयी असतात. त्या आई-मावशीकडून येतात आणि बाजारासाठी कोणी बदलत नाही. म्हणून तुमच्या चार प्रश्नांची सुरुवात मी पाठीपासून करते. अष्टकोनांना थोडं थांबावं लागेल.

येरवड्याचं लगेच निकालात काढू. तिथल्या तुरुंगात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगले गालिचे विणले जात, पण ते कारखान्याचं काम होतं: सुती ताणा (मागावर ताणलेले उभे धागे), समोर नकाशा, वेलबुट्टी, कोपऱ्यात नीट वळलेला काठ. तुमच्या गालिच्याच्या दशा, म्हणजे ताण्याचीच टोकं, राखाडी-तपकिरी दिसतात. खात्री हवी तर दशेतला अर्धा इंच धागा कापून चिमट्यात धरा आणि पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी काळी गोळी म्हणजे लोकर. कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. तुमची लोकर निघेल, बहुधा बकरीच्या केसांची भेसळ असलेली. भेसळ म्हणजे खोट नव्हे. ताणा ताठ राहावा म्हणून ती मुद्दाम करतात.

दुसरा फोटो तुम्ही गालिचा दुमडून काढलात, हे फार बरं केलंत, कारण त्यात गाठीचं मूळ दिसतं. दोन ताण्यांना एका गळपट्टीत घ्यावं तशी गाठ असली, तर ती तुर्की. एका ताण्याला पूर्ण वेढा घालून दुसऱ्याच्या मागून नुसतीच निघालेली असली, तर ती फारशी. या नावांवर फार विसंबू नका. फारशी गाठीला बाजारात इराणमधल्या सेन्ने गावाचं नाव आहे आणि सेन्नेच्या बायका स्वतः तुर्की गाठ मारतात. मध्य आशियातले तुर्कमेनही वंशाने तुर्की, पण त्यांच्यातल्या तेक्के आणि एरसारी टोळ्यांची गाठ बहुतेक फारशी, तर योमुत आणि सारिक यांची बहुतेक तुर्की. तुमची फारशी आहे, उजवीकडे उघडी. हात लवेवरून, म्हणजे तोंडावरच्या लोकरीच्या केसाळ थरावरून, आडवा फिरवला तर एका बाजूला मऊ जाईल, दुसऱ्या बाजूला अडेल. बोटांनाही ते कळतं.

फोटोत पट्टी होती म्हणून मोजता आलं. इंचात आडव्या ८ गाठी, उभ्या ९, म्हणजे चौरस इंचाला ७२. अख्ख्या गालिच्यात सुमारे ६ लाख ४० हजार. एका बाईने दिवसाला साडेपाच हजार मारल्या तरी चार महिने झाले, आणि त्यात लोकर काढणं, पिळणं, रंगवणं धरलेलं नाही. दुकानदार ७२चा आकडा ऐकून नाक मुरडेल. मुरडू द्या. गाठींच्या दाटीवर भाव ठरतो तो शहरी गालिच्यांत, जिथे पाकळीची गोलाई दाटीशिवाय साधत नाही. अष्टकोनाला एवढी दाटी कशाला हवी?

इथे अष्टकोनांकडे वळता येतं. फिरत्या टोळ्यांच्या नक्षीत सगळं कोनाकोनाचं का, असं तुम्ही विचारलंत. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला याचं उत्तर आधीच माहीत असतं. ठिपके आधी पडतात, रेघ त्यांच्यातूनच जायची. गालिच्यात ताणा आणि बाणा मिळून तेच ठिपके देतात आणि एकेक गाठ म्हणजे एकेक ठिपका. सरळ रेघ फुकट मिळते, तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी मिळते, आणि गोल हवा असेल तर ठिपके इतके बारीक करावे लागतात की पायऱ्या दिसू नयेत. बिनगाठीच्या किलीमात तर आणखी अडचण असते. तिथे दोन रंग उभ्या रेघेवर भिडले की मध्ये चीर पडते. चीर लांबली की कापड फाटणार, म्हणून विणणारी रंगाची सीमा सारखी तिरकी नेते किंवा दात पाडते. शंकरपाळे, करवती दाते, हे किलीममधले आकार त्यातूनच पक्के झाले.

त्यात माग कसला? जमिनीत खुंट्या ठोकून दोन दांड्यांमध्ये ओढलेला, आडवा, लोळता. विणणारी त्याच्या शेजारी किंवा विणून झालेल्या भागावर बसते. मुक्काम हलला की अर्धवट काम दांड्यांसकट गुंडाळून उंटावर, आणि पुढच्या कुरणात पुन्हा खुंट्या. ताण पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. तुमच्या गालिच्यात खालच्या रांगांतले अष्टकोन जरा उभट आहेत, वर जाता जाता बसके होतात, आणि वरून दुसऱ्या रांगेशी काठ आत ओढला गेला आहे. मध्येच हात बदलला असेल, फणी जड पडली असेल, ताण ढिला झाला असेल. कोपऱ्यांत काठाची नक्षीही वळत नाही, सरळ कापल्यासारखी संपते, कारण समोर नकाशा नव्हता. बाई डोक्यातून किंवा घरातल्या जुन्या गालिच्यावरून विणत होती आणि कोपरा आला तेव्हा जे उरलं ते तिने बसवलं. "परिपूर्ण फक्त अल्ला, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो" ही गोष्ट तुम्हाला दुकानात नक्की ऐकवली असेल. मुद्दाम चूक करावी लागेल इतकी बिनचूक विणणारी मला तरी भेटलेली नाही.

'हत्तीचं पाऊल' हे नाव व्यापाऱ्यांचं. अफगाण बाजारात मोठ्या अष्टकोनाला फारसीत 'फीलपा' म्हणतात. आकार पावलासारखा, म्हणून पाऊल. तुर्कमेनांच्या वाळवंटात हत्ती कुठला? 'बुखारा'चंही तेच. मध्य आशियातल्या त्या शहराच्या बाजारातून माल जगात गेला, म्हणून मालाला बाजाराचं नाव चिकटलं. अथणीत शिवलेली चप्पल कोल्हापुरी म्हणून विकली जातेच की. फाळणीनंतर लाहोर-कराचीत जे मऊ, चकचकीत 'बुखारा' निघाले, त्यांचा तर बुखाऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही.

तुर्कमेन स्वतः या अष्टकोनाला गुल किंवा ग्योल म्हणतात. फारसी 'गुल' म्हणजे फूल, पण ही फुलाची नक्षी मानायची की टोळीची निशाणी, यावर अभ्यासकांची जुनी भांडणं आहेत. वालेंतिना मोश्कोवा या सोव्हिएत संशोधिकेने १९४०च्या दशकात मांडलं की प्रत्येक टोळीचं आपलं ग्योल असे. टोळी स्वतंत्र असेपर्यंत ते मोठ्या गालिच्यावर विणलं जाई. टोळी हरली की जेत्याचं ग्योल मोठ्या गालिच्यावर येई आणि तिचं स्वतःचं थैल्या-पिशव्यांवर उतरे. पहिलं 'जिवंत', दुसरं 'मृत'. मांडणी मोहक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. १९९२ साली तुर्कमेनिस्तानने आपल्या झेंड्यावर पाच टोळ्यांची पाच ग्योलं एकाखाली एक ठेवली, म्हणजे निशाणीचा अर्थ लोकांनी आजही सोडलेला नाही. पण एकच ग्योल तीन-तीन टोळ्यांच्या हातचं सापडतं. ज्यात चिमुकले दोन तोंडांचे प्राणी असतात ते 'तौक नुस्का' योमुतांकडे आहे, चोदोरांकडे आहे, एरसारींकडेही आहे. नुसत्या नक्षीवरून टोळी सांगणारा माणूस अर्ध्या वेळा चुकतो.

तुमच्या अष्टकोनांचे चार भाग केलेले आहेत, समोरासमोरचे दोन-दोन भाग एका रंगाचे, आणि प्रत्येकात तीन पानांचं त्रिदळ आहे. हे 'गुल्ली गुल'. त्याच्या जोडीला फारशी गाठ, राखाडी ताणा, बकरीच्या केसांनी गुंफलेली बोटभर रुंद काळी कड, फूटभर व्यासाचे अष्टकोन. ही सगळी लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात: एरसारी तुर्कमेन, उत्तर अफगाणिस्तान. अंदखोय, अकचा, मैमना या पट्ट्यात अशा गालिच्यांची पैदास होती आणि तो माल दक्षिणेला बाजारात उतरे. क्वेट्टा त्याच वाटेवरचं रेल्वेचं गाव. पणजोबांनी तो तिथे विकत घेतला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

२०० वर्षं मात्र सोडा.

फोटो क्रमांक ७ मध्ये त्रिदळांत एक नारिंगी दिसतो. तो आता विटकरी वाटतो, पण लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी बघा. मुळाशी तो भडक असेल, झेंडूसारखा, आणि शेंड्याशी उतरलेला. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, ज्याने तुमच्या गालिच्याची जमीन रंगवली आहे, असा वागत नाही. तो म्हातारा होतो, मऊ पडतो, पण मूळ आणि शेंडा यांच्यात एवढी फारकत करत नाही. आपल्या आयुर्वेदाच्या दुकानातली मंजिष्ठा आणि तिकडची रंगाची मुळी या एकाच कुळातल्या चुलत बहिणी. निळा नीळीचा आहे आणि झकास टिकला आहे. नारिंगी मात्र बाटलीतला.

बाटलीतल्या, म्हणजे कृत्रिम, रंगांचं वेळापत्रक पाठ असलं की गालिच्याच्या सालाला खालची हद्द घालता येते: याच्या आधीचा तो नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा काढला १८५६ साली. मागोमाग फुक्सिन आला, ज्याचा किरमिजी काही वर्षांत राखाडी पडतो. १८७०च्या दशकाच्या शेवटी ॲझो जातीचे भडक लाल-नारिंगी आले, जे पाणी लागताच शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. वाळवंटात ते पोचायला आणखी वेळ लागला. १८८१च्या जानेवारीत रशियाच्या सेनापती स्कोबेलेवने ग्योक-तेपेचा किल्ला घेऊन तेक्के टोळीचा कणा मोडला. कॅस्पियनच्या काठावरून निघालेली रेल्वे १८८८ साली समरकंदला पोचली. सैन्यामागून व्यापारी आले, व्यापाऱ्यांबरोबर रंगाची पाकिटं आली, आणि जो गालिचा लेकीच्या लग्नासाठी विणला जायचा तो विक्रीसाठी विणला जाऊ लागला. अफगाण बाजूला हेच सगळं जरा मागून घडलं. म्हणून असा बाटलीतला नारिंगी दिसला की गालिचा १८८०च्या अलीकडचा, आणि एरसारी असेल तर बहुधा बराच अलीकडचा. उलट मात्र लागू होत नाही: कृत्रिम रंग नाही म्हणजे जुनाच, असं म्हणता येत नाही. वनस्पतींचे रंग दूरच्या पाड्यांवर पुढेही चालू होते. शिवाय १८६९ पासून बनू लागलेला कृत्रिम ॲलिझरीन हा लाल रंग आणि मुळीतला ॲलिझरीन हे एकच द्रव्य, डोळ्यांना फरक दिसणं शक्य नाही. कार्बन-१४ करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंत. गेल्या तीनेकशे वर्षांच्या वस्तूंसाठी ती चाचणी इतकं गुळमुळीत उत्तर देते की पैसे वाया जातील.

वरची हद्द तुमच्याच घरात आहे. तो फोटो: पणजोबा खुर्चीवर, पणजी शेजारी, तीन मुलं पुढ्यात, मागच्या बाजूला शाईने 'क्वेट्टा, १९३४'. मुलं ज्यावर बसली आहेत तो हाच गालिचा. मी मोठा करून बघितला. डाव्या काठापासून दुसऱ्या अष्टकोनात एक त्रिदळ आडवं पडलं आहे, विणणारीची चूक, आणि तुमच्या आजच्या फोटोतही ते तसंच आडवं आहे. फोटोत टोकाची बिनगाठीची लाल पट्टी वीतभर आहे. आज चार बोटं उरली आहे. म्हणजे १९३४ साली गालिचा तरुण होता, पण अगदी कोरा नव्हता. पुढच्या बाजूला लव बसलेली दिसते. मी त्याला १९०० ते १९३० या ३० वर्षांत ठेवते. असा तारखेचा फोटो माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या एका घरी निघतो. तो गालिच्याबरोबरच ठेवा, आल्बमात नव्हे.

कोणी म्हणेल, गालिच्यावरच साल विणलेलं असतं तर किती बरं झालं असतं. विणलेल्या सालाने मला एकदा चांगलं पोळलं आहे. शिकाऊ असताना एका व्यापाऱ्याकडून मी कॉकेशसचा छोटा गालिचा घेतला होता. कोपऱ्यात हिजरी साल स्पष्ट: १२२२. हिजरी सालातून त्याचे शेकडा ३ वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन येतो. आला १८०७. मी हवेत. उस्तादांनी कोपरा पालथा केला आणि दुसऱ्या आकड्यावर नख ठेवलं. तिथल्या चार गाठी बाकीच्यांपेक्षा वर आलेल्या आणि एका छटेने वेगळ्या. अरबी लिपीतल्या ३ला वर तीन दाते असतात, २ला दोन. कोणीतरी एक दाता उसवून तिथे जमिनीच्या रंगाची लोकर भरली होती. १३२२चं १२२२ झालं आणि गालिचा एका संध्याकाळीत शंभर वर्षांनी म्हातारा झाला. तो अजून माझ्याकडे आहे, शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायला. बाकी म्हातारा करण्याचे मार्ग पुष्कळ: उन्हात टाकणं, बाजाराच्या रस्त्यावर रहदारीखाली अंथरणं, चहाच्या पाण्यात बुडवणं, झिजलेल्या जागी शाईचं पेन फिरवणं. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासलं की शेवटचा प्रकार लगेच उघडा पडतो.

आता अर्थ. दुकानदाराने सांगितलं की अष्टकोन म्हणजे आठ दिशा, काठावरचे गळासारखे वाकडे आकार म्हणजे विंचू, आणि मधली चौकट म्हणजे आदिमातेची कूस. अशा वाकड्या आकारांना कोचक, म्हणजे मेंढ्याची शिंगं, हे नाव तुर्कमेन बायका खरंच वापरतात. शिंगं म्हणजे बळ, नजर लागू नये, इथवर मलाही पटतं. मेंढीवर जगणाऱ्यांनी मेंढ्याचं शिंग विणावं यात गूढ काही नाही. आदिमातेपाशी मात्र मी थांबते. त्या गोष्टीचा उगम माहीत आहे. जेम्स मेलार्ट या पुरातत्त्वज्ञाने तुर्कस्तानातल्या चाताल्होयूक या प्राचीन वस्तीचं उत्खनन १९६०च्या दशकात केलं. १९८९ साली त्यांनी तिथल्या हजारो वर्षं जुन्या भित्तिचित्रांची रेखाटनं छापली. त्यांत आजच्या किलीमांवरच्या आकृत्या जशाच्या तशा, आणि देवी. गालिच्यांचा व्यापार आनंदाने वेडा झाला. छायाचित्रं मात्र एकाही चित्राची नव्हती. सहकाऱ्यांनी अशी चित्रं पाहिली नव्हती. मेलार्ट २०१२ साली वारले आणि २०१८ साली जाहीर झालं की त्यांच्या लंडनच्या घरात अशा 'प्राचीन' चित्रांचे त्यांनी स्वतःच गिरवलेले कच्चे आराखडे सापडले. दुकानांत मात्र देवी अजून राहते आहे.

विणणारीला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, आमच्यात असंच विणतात. मला ते उत्तर पुरेसं वाटतं. चैत्रांगणातलं एकेक चिन्ह आजी काढते तेव्हा प्रत्येकाचा अर्थ तिला सांगता येतोच असं नाही, म्हणून ते चिन्ह पोकळ ठरत नाही. आणि प्रवास करताना आकृत्या अर्थ सांडत जातात. आपल्या शालींवरची कोयरी इराणात बोतेह आहे, बलुच गालिच्यांत तिची चौकोनी ठोकळी होते. कोणी तिला सुरू म्हणतं, कोणी ज्योत, कोणी बदाम. आपण कैरी म्हणून मोकळे झालो.

छोट्याबद्दल. तो मला मोठ्यापेक्षा जास्त आवडला. ही 'बालिश्त', बलुचांची उशीची किंवा सामानाची पिशवी. मागची बाजू कधीतरी उसवून फेकलेली आहे. काळा-निळा, वांगी रंग, उंटाच्या केसांची मातकट जमीन. क्वेट्ट्यात घेतली म्हणून ती बलुचिस्तानात विणली असं समजू नका. आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मुख्यत्वे बिनगाठीचं विणकाम होतं. गाठींचे 'बलुच' गालिचे येतात इराणच्या खोरासानातून आणि अफगाणिस्तानच्या पश्चिम भागातून, आणि त्यातले पुष्कळ तर बलुचांच्या शेजारी राहणाऱ्या तिमुरीसारख्या टोळ्यांनी विणलेले. काळपट तपकिरी गाठी बाकीच्यांपेक्षा खोल गेल्या आहेत, नक्षी कोरल्यासारखी दिसते, ते पाहिलंत ना? मशिनच्या पायांनी तसं झालेलं नाही. त्या रंगात लोखंड असतं आणि ते लोकर हळूहळू खातं. त्यामुळे जुन्या कामाची ती एक साक्ष असते, खोटी करणं अवघड अशी. यात कृत्रिम रंग मला फोटोत तरी दिसला नाही. वयाचा आकडा हातात घेतल्याशिवाय देणार नाही.

किंमत फोटोवरून सांगत नाही. दोन्ही मिळून घर येणार नाही, एवढं नक्की. विमा उतरवायचा असेल तर हातात घेऊन लेखी मूल्यांकन करून घ्या, आणि जो माणूस तुमचा गालिचा विकत घ्यायला उत्सुक आहे त्याच्याकडून ते करून घेऊ नका.

पाठवण्याबद्दल जास्त काळजीपूर्वक वाचा. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जो तो आपला गालिचा शंभरीपार असावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो, आणि विमानतळावर नेमकं तेच आडवं येतं. तुमचा मोठा गालिचा त्या रेघेवरच उभा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तज्ज्ञ समिती वस्तू पाहून ती पुरावशेष नसल्याचा दाखला देते. तो हातात आल्याशिवाय पार्सल करू नका, आणि घरातली २०० वर्षांची गोष्ट अर्जात लिहू नका, कारण ती खरी नाही. छोटा पाठवायचा विचारही नको. तो खोरासानचा निघाला तर इराणी माल, आणि अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात २०१८च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बंद केली.

धुणं. गच्चीत घालून पाइपने पाणी आणि कपड्यांची पावडर, हा बेत ताबडतोब रद्द करा. तो नारिंगी आठवा. सुती पांढरं फडकं साध्या थंड पाण्यात भिजवून, पिळून, एकेका रंगावर पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला तर घरी पाणी लावायचंच नाही. पहिल्याच वर्षी मी सगळे रंग तपासले आणि काठातला बोटभर गुलाबी तेवढा राहिला; त्या गुलाबीने अख्खा पांढरा काठ दुधात कुंकू पडल्यासारखा केला. तो पुन्हा पांढरा झाला नाही.

रंग पक्के निघाले तरी आधी कोरडी धूळ काढा. लव मुळाशी कापते ती आत बसलेली बारीक वाळू. कठड्यावर टाकून काठीने बडवू नका, शंभरेक वर्षांचा ताणा तुटतो. जमिनीवर पालथा घाला, पाठीवर हलक्या हाताने व्हॅक्यूम फिरवा, उचला, पडलेली वाळू झाडा, पुन्हा घाला. वाळू पडायची थांबेपर्यंत. मग तोंडाकडून लवेच्या दिशेने, फिरता ब्रश न लावता. टोकाच्या चार बोटांच्या पट्टीला दोन्हीकडे सुती दोऱ्याने धावती घालून घ्या, नाहीतर पुढच्या पाच वर्षांत गाठी सुटू लागतील. नव्या दशा मात्र लावू नका. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं. बाहेरून शिवलेली झालर गालिच्याला केसांच्या टोपासारखी दिसते.

फोटो ४ मध्ये कपाटाच्या बाजूला लव पार गेली आहे आणि खाली रेतीसारखे कण आहेत. ती कसर. कसरीचे पतंग निरुपद्रवी, खातात त्या अळ्या, आणि त्यांना अंधार व शांतता लागते. म्हणून पायाखालचा भाग वाचतो आणि कपाटाखालचा जातो. डांबरगोळ्यांनी वास येतो, खात्री येत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी गालिचा फिरवा, पालथा करा, उजेड दाखवा, यापुढे कसर टिकत नाही. ठेवून द्यायचाच असेल तर लव बाहेरच्या बाजूला राहील असा जाड नळकांड्यावर गुंडाळा, धुतलेल्या मांजरपाटात बांधा. घडी नको, प्लास्टिक तर नकोच. सांगलीच्या पावसाळ्यात ते आत दमट भट्टी करतं.

छोट्याचं काम आजच करा. त्यात कसर दिसली तर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवता येईल, तेवढा तो लहान आहे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, म्हणजे दव लोकरीवर न बसता पिशवीवर बसेल. आणि मशिनखालून काढताना तो ओढू नका. दोघांनी मशिन उचला, तिसऱ्याने गालिचा काढा.